जे पुण्यातून होणार नाही, ते आधी

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता मी स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात, हातात सहा पानांचा चाचणी-अहवाल घेऊन, क्वालिटी विभागाच्या प्रमुखांच्या टेबलासमोर उभा होतो. टेबल लख्ख. मॉनिटर बंद, खुर्ची आत सरकवलेली, खिडकीतल्या कुंडीतली माती अजून ओली. म्हणजे जाताना झाडाला पाणी घालायला त्यांना वेळ होता. शेजारच्या बाईंनी घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आज शुक्रवार. ते एकलाच गेले." मला शेवटच्या पानावर त्यांची एक सही हवी होती. ती मिळायला पुढं तीन आठवडे आणि अकरा ई-मेल लागले. तोवर आमचा सुटा भाग चाकणमध्ये लाल चिठ्ठी लावून मांडणीवर पडून राहिला. त्या दिवशी सकाळी मी काय करत होतो? गावात चॉकलेटं घेत होतो.

तेव्हापासून परदेशातल्या कामाच्या दौऱ्याच्या शेवटच्या दिवसाला मी एकच चाळणी लावतो. हातातलं काम पुण्यातून होईल का? होत असेल तर ते आज सोडून द्या. होत नसेल तर तेच आधी. चॉकलेट पुण्यात मिळतं, प्रेझेंटेशन विमानात लिहिता येतं, आभाराचा ई-मेल सोमवारी धाडता येतो. सही, शिक्का, योग्य नावाचं बिल आणि समोरासमोरचा निरोप या गोष्टी मात्र तिथून निघालात की गेल्या.

माझ्या बहुतेक फेऱ्या जर्मनीत झाल्या, म्हणून उदाहरणं तिकडची देतो. मर्सिडीज आणि पोर्शे यांची मुख्यालयं स्टुटगार्टमध्ये, बॉशचं शेजारच्या गेर्लिंगेनमध्ये. त्यामुळं पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या इंजिनिअरला हे शहर नाशिक-औरंगाबादइतकं ओळखीचं झालेलं असतं. मुंबई आणि स्टुटगार्ट ही तर 1968 पासून भगिनी शहरं आहेत. देश दुसरा असला तर तपशील बदलेल, चाळणी तीच.

सुरुवात कारखान्यातल्या कामापासून. जर्मन कचेरीत शुक्रवार दुपार हा दिवस धरायचाच नाही. काम संपवून घरी जाण्याच्या वेळेला त्यांच्याकडं 'फायरआबेंट' असा शब्द आहे आणि शुक्रवारी ती वेळ दुपारीच येते. आपल्याकडं साहेब सातला भेटले नाहीत तर साडेआठला भेटतात. तिथं तो हिशेब लागू नाही. म्हणून सहीचं काम गुरुवारी संपवा आणि शुक्रवार सकाळ त्यातून निसटलेल्या गोष्टींसाठी ठेवा. बैठकीत काय ठरलं याचं एक पान लिहा: कोणी काय करायचं, कोणत्या तारखेपर्यंत. तीन-चार माणसांच्या सह्या घ्या, निदान त्यांच्यासमोर बसून तेच पान सगळ्यांना मेल करा. "नंतर सविस्तर पाठवतो" असं म्हणून निघालेल्या माणसाचं पान मंगळवारी पोचतं, आणि तोवर दोन्हीकडच्या आठवणी वेगळ्या झालेल्या असतात.

चाचणीची मूळ आकडेवारी कंपनीच्या परवानगीनं आणि कंपनीच्याच मार्गानं तुमच्या हाती आली आहे ना, हेही त्याच दिवशी बघा. तिथल्या नेटवर्कवरचा तुमचा पाहुणा-प्रवेश बहुधा निघायच्या दिवशीच बंद होतो. फाइल तिथं राहिली तर ती मिळवायला तिथल्या कोणाला तरी वेगळी परवानगी काढावी लागते. गेटवरचं ओळखपत्र, सेफ्टी शूज, उसनं घेतलेलं व्हर्नियर परत करा आणि परत केल्याची नोंद झाली का ते बघा. एकदा एक गेट-पास माझ्या जॅकेटच्या खिशातून थेट कोथरूडला आला होता. तो परत पाठवायचा कुरिअर खर्च माझ्याच खिशातून गेला.

निरोपाबद्दल थोडं. जर्मन कंपन्यांत जाणाऱ्या माणसानंच इतरांना काहीतरी खायला आणायची पद्धत आहे, तिला 'आउसश्टांट' म्हणतात. आठवडाभराच्या पाहुण्याकडून कोणी ती अपेक्षा करत नाही. पण पुण्याहून नेलेली बाकरवडी शेवटच्या दिवसापर्यंत राखून ठेवली आणि सकाळच्या कॉफीच्या वेळी टेबलावर मांडली, तर जे काम होतं ते कुठल्याही स्लाइडनं होत नाही. मॅनेजरला भेटायला आपण विसरत नाही. विसरतो तो टूलरूममधला माणूस, ज्यानं बुधवारी आपलं फिक्स्चर जेवणाची सुट्टी सोडून घासून दिलं. त्याच्यापर्यंत चालत जा, हात मिळवा. पुढच्या वेळी फोनवर तोच उपयोगी पडतो. हे मी स्वार्थ म्हणून सांगतोय असं वाटलं तरी हरकत नाही.

आता कागद. हॉटेलचं बिल निघताना सकाळी घाईत घेऊ नका, आदल्या संध्याकाळीच काउंटरवर मागा. बिलाला तिथं 'रेश्नुंग' म्हणतात, आणि त्यावर कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता हवा. खोलीचं आरक्षण तुमच्या नावावर असतं, म्हणून बिलही आपसूक तुमच्या नावानं निघतं, आणि मग आपल्या अकाउंट्सवाल्या मंडळींचा चेहरा पडतो. आदल्या संध्याकाळी दुरुस्ती दोन मिनिटांची असते. पुण्यातून तीच मागायला गेलात तर आधी तुमची ओळख पटवण्यापासून सुरुवात होते. टॅक्सी, जेवण, रेल्वे यांच्या पावत्या बहुतेक थर्मल कागदावर छापलेल्या असतात. खिशाच्या उबेनं आणि काळानं त्यांवरची अक्षरं उडतात आणि हाती कोरा कागद उरतो. त्याच रात्री सगळ्या पलंगावर पसरा, फोटो काढा आणि प्रत्येकीच्या मागं पेन्सिलीनं लिहा: कोणाबरोबर जेवलो, कुठून कुठं गेलो. जर्मन भाषेतली पावती तुमच्या ऑडिटरला वाचता येत नाही, आणि दोन महिन्यांनी ती तुम्हालाही आठवत नाही.

कंपनीच्या मालाबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण इथं चूक महाग पडते. हॅनोवरच्या औद्योगिक प्रदर्शनासारख्या ठिकाणी नमुने किंवा मोजणीची उपकरणं एटीए कार्नेवर, म्हणजे माल तात्पुरता नेऊन परत आणण्याच्या कस्टम्सच्या कागदावर, नेली असतील (भारतात ते फिक्की देते), तर युरोपीय संघाबाहेर पडताना कस्टम्सकडून त्यावर परत निघाल्याचा शिक्का घ्यावाच लागतो. तो राहिला, तर माल तिथंच विकला असं समजून कर आणि दंडाची नोटीस येऊ शकते, भले ते उपकरण तुमच्या टेबलावर असो. शिक्क्यासाठी माल दाखवावा लागतो. म्हणजे बॅग काउंटरवर देण्याआधी कस्टम्स, हा क्रम पक्का. उलट, तिकडून इकडं येणारं सॅम्पल असेल तर ते तुमचं वैयक्तिक सामान नव्हे. आठ किलोचा लोखंडी भाग मोज्यांत गुंडाळून बॅगेत टाकायचा आणि ग्रीन चॅनेलमधून खाली मान घालून चालायचं, हा आपल्या लोकांचा जुना उद्योग. एक्स-रेवर तो भाग बंदुकीच्या सुट्या भागासारखा दिसला की मग मुंबईत पहाटे दोन वाजता खुलासे करत बसायचं. तिथल्या कंपनीकडून लेटरहेडवर वर्णन, नग आणि किंमत घ्या आणि इकडं रेड चॅनेलला जाऊन दाखवा. किमतीच्या जागी शून्य लिहून आणू नका. फुकट दिलेल्या वस्तूचीही कस्टम्ससाठी किंमत असते.

यापुढचं सगळं खासगी. त्यात पहिली गोष्ट म्हणजे रविवार. जर्मनीत रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुकानं कायद्यानं बंद असतात. मोठी स्टेशनं, विमानतळ, पेट्रोल पंप असे मोजके अपवाद. सोमवारी सकाळी विमान असलेल्या माणसानं "उद्या रविवार, आरामात खरेदी करू" असं म्हटलं की समजायचं, याची ही पहिलीच फेरी. मग घरच्यांसाठी स्टेशनवरच्या दुकानातून दुप्पट भावानं वस्तू घ्याव्या लागतात.

खरेदी कमी करा हा माझा सल्ला कोणी ऐकत नाही, म्हणून निदान पाकीट उलटून वाचा असं सांगतो. लहान मुलांसाठी जे रंगीत अस्वलांचे गमीज आपण किलोच्या हिशेबानं आणतो, त्यांतल्या बहुतेकांत जिलेटिन असतं, आणि ते बहुधा डुकराचं असतं. घटकांच्या यादीत 'गेलाटिने' असा शब्द दिसतो. घरात शाकाहार पाळणारं कोणी असेल तर 'व्हेगन' छापलेलं पाकीट शोधा, तसेही मिळतात. काही चॉकलेटांच्या पोटात दारू असते. आमच्या शेजारच्या एका आजींनी असं चॉकलेट एकादशी सोडून द्वादशीला मोठ्या प्रेमानं खाल्लं आणि "जरा जळजळतंय" म्हणाल्या. मी काही बोललो नाही. चौकोनी रिटर चॉकलेटचा कारखाना स्टुटगार्टच्या दक्षिणेला वाल्डेनबूखमध्ये आहे. हा चौकोन 1932 मधला, आणि तो बॅगेत कोपऱ्यात नीट बसतो. माझ्या दृष्टीनं एवढं कारण पुरे.

करपरतीचं गणित. जर्मनीत बहुतेक वस्तूंच्या किमतीत 19 टक्के व्हॅट धरलेला असतो. एका दुकानात एका वेळी 50 युरोंपेक्षा जास्त खरेदी केली आणि माल युरोपीय संघाबाहेर नेला, तर तुमच्यासारख्या थोड्या दिवसांच्या पाहुण्याला कर परत मिळू शकतो. दुकानात पैसे देतानाच अर्ज मागायचा, त्यावर पासपोर्ट क्रमांक आणि भारतातला पत्ता लिहायचा, वस्तू वापरायची नाही. नवे बूट घालून विमानतळावर गेलात आणि तेच बूट दाखवून शिक्का मागितलात तर अधिकारी हसेल, शिक्का देणार नाही. विमानतळावर कस्टम्सच्या पाटीवर 'त्सोल' लिहिलेलं असतं. माल मोठ्या बॅगेत असेल तर चेक-इनच्या काउंटरवर आधी सांगा: टॅग लावतात, बॅग परत देतात, ती कस्टम्सला दाखवून तिथंच सोडायची. माल हातातल्या बॅगेत असेल आणि वाटेत युरोपीय संघातल्याच दुसऱ्या शहरात विमान बदलत असाल, तर शिक्का त्या शेवटच्या शहरात. झुरिकमार्गे जाणाऱ्यांची इथं हमखास फसगत होते. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळं शिक्का जर्मनीतच घेऊन निघायला हवं. आणि 19 युरो कर भरला म्हणून 19 युरो मिळतील असं धरू नका; करपरतीचं काम करणारी मधली कंपनी आपला वाटा कापून घेते. साठ-सत्तर युरोंच्या खरेदीसाठी ती रांग लावू नये असं माझं मत. हॉटेल, जेवण, टॅक्सी यांवरचा कर या वाटेनं परत मिळत नाही, तेव्हा त्या पावत्या घेऊन रांगेत उभं राहू नका.

मग येतो शेवटच्या संध्याकाळचा फोन. तिथं नोकरीला असलेला मित्राचा भाऊ, वहिनींची मैत्रीण, कोणीतरी. "अरे, उद्या निघतोयस ना? आईसाठी एक छोटंसं पार्सल आहे. एवढंसंच!" एवढंसं म्हणजे चार किलो, तपकिरी टेपनं सहा बाजूंनी बंद केलेलं. नाही म्हणता येत नाही, कारण त्यांच्याकडं आपण रविवारी वरण-भात जेवलेले असतो. माझा नियम असा: न्यायला हरकत नाही, पण डबा माझ्यासमोर उघडायचा आणि मी भरायचा. विमान कंपनीच्या काउंटरवर "बॅग तुम्हीच भरली का?" असं विचारतात, तेव्हा मला खरं उत्तर देता आलं पाहिजे. एकदा अशा पार्सलातून औषधांच्या बाटल्या निघाल्या. मी चिठ्ठी मागितली, डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन बरोबर घेतलं आणि मगच नेल्या. रागावणारे रागावतात. पण ज्यांच्या आईला ते पार्सल जातं, त्यांना दुसऱ्या दिवशी राग राहत नाही.

बॅग भरताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत. 100 वॉट-अवरपर्यंतची चालते, त्यापुढं 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. सुरी, कात्री आणि स्वयंपाकघरातली सगळी धारदार हौस मोठ्या बॅगेत. तिसरी गोष्ट, मध, जॅम, मोहरीची चटणी, चॉकलेट स्प्रेडची बरणी हे सगळं सुरक्षा तपासणीवाल्यांच्या लेखी द्रव आहे. हातातल्या बॅगेत 100 मिलीलीटरपेक्षा मोठी बरणी दिसली तर बहुधा काढून घेतात, आणि ती काढून घेताना तो माणूस आपल्याकडं बघतही नाही. भारतात येताना दारूची सूट दोन लिटरची. बाकी सामानाची रुपयांतली मर्यादा वेळोवेळी बदलते, ती निघण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर बघून ठेवा.

नाण्यांचं काय करायचं? खर्च करा. आपल्याकडचे मनी चेंजर नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. खोलीत साठलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर बहुधा प्रत्येकी 25 सेंट अनामत, म्हणजे 'फांट', असते. सुपरमार्केटच्या यंत्रात टाकल्या की चिठ्ठी मिळते. दहा बाटल्यांचे अडीच युरो, म्हणजे एक बरी कॉफी. वेळ नसेल तर रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकू नका, पेटीशेजारी उभ्या ठेवा. त्या गोळा करून दिवस काढणारी माणसं असतात आणि तिथले लोकही असंच करतात. उरलेल्या परकी नोटांबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम लक्षात ठेवा. परतल्यापासून 180 दिवसांत उरलेलं परकी चलन बँकेत किंवा अधिकृत चेंजरकडं जमा करायचं. 2000 डॉलरपर्यंतची रक्कम पुढच्या फेरीसाठी जवळ ठेवता येते. एक वीसची नोट पासपोर्टच्या कव्हरमध्ये राहू द्या. पुढच्या वेळी उतरल्या उतरल्या कार्ड चाललं नाही की ती आठवेल.

विमानतळ. स्टुटगार्टहून फ्रँकफर्ट विमानतळ वेगवान गाडीनं सव्वा तासाच्या आसपास, कागदावर. जर्मन गाड्या घड्याळावर चालतात ही आपली समजूत जुनी झाली. 2024 मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण 62 टक्केच वेळेवर होत्या, आणि तेही सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर म्हणजे 'वेळेवर' असं धरून. गरजेची असेल त्याच्या आधीची गाडी पकडा, शक्य असेल तर तिच्याही आधीची. स्वस्त तिकीट ठरावीक गाडीपुरतंच असतं. पण त्या गाडीमुळं पोचायला 20 मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं, तर ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. हा नियम माहीत नसल्यामुळं लोक फलाटावर रडकुंडीला येऊन उभे असतात. मार्च किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी निघत असाल तर आणखी एक मेख आहे. त्या पहाटे तिथली घड्याळं तासानं सरकतात. मार्चमध्ये झोपेचा एक तास जातो, आणि भारताशी साडेचार तासांचं अंतर साडेतीनवर येतं. फोन स्वतःहून बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही.

पासपोर्टच्या रांगेला वेळ धरा. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन देशांत येण्या-जाण्याची नोंद शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन करायला टप्प्याटप्प्यानं सुरुवात झाली आहे. दौरे वारंवार होत असतील तर तुमचे 180 दिवसांतले 90 दिवस तुम्हीच वहीत मोजत जा. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस त्यात धरतात.

आणि खोली सोडताना. पासपोर्ट तिजोरीत ठेवत असाल तर रात्रीच एक बूटही तिजोरीत ठेवा. बूट न घालता कोणी विमानतळाला निघत नाही. पलंगाच्या मागचा सॉकेट बघा, बाथरूमच्या दारामागचा हूक बघा, तिजोरीचं दार सताड उघडं ठेवा. भिंतीतला अ‍ॅडॅप्टर काढा. माझे तीन अजून जर्मनीतच आहेत.